धूळ झटकली की शिंका का येतात?



दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी साफसफाईची धांदल उडते. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, गाद्या उलथ्यापालथ्या होतात, कोपऱ्यांतील जळमटे निघतात. आणि मग घरातील एखाद्याला, कदाचित तुम्हालाच, शिंकांची माळ लागते. एक, दोन, पाच, दहा! डोळे चोळून चोळून लाल होतात, नाक गळू लागते. "तू आधी बाहेर जाऊन बस बघू," असे आई म्हणते आणि काम पुढे चालू होते.

एवढ्यावर भागले तर ठीक. पण काहींची त्या रात्री झोपच उडते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, आडवे पडले की धाप लागते, आणि उशांना टेकून बसून पहाट उजाडायची वाट पाहावी लागते. दुसऱ्या दिवशी शाळा बुडते. वर्गात कोणी म्हणते, "याच्या शेजारी बसू नका, आपल्यालाही होईल." घरात कोणी म्हणते, "प्रकृतीच नाजूक आहे, काय करणार!"

यातील पहिले म्हणणे चुकीचे आहे आणि दुसरे अर्धवट आहे. हा त्रास एकापासून दुसऱ्याला होत नाही. आणि त्यावर करण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र त्यासाठी एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी. एसटीतून खिडकीशी बसून प्रवास करताना शेरभर धूळ अंगावर येते, तेव्हा एखाददुसरी शिंक येऊन थांबते. मग घरातील गादी झटकताना उडालेली चिमूटभर धूळ एवढा गोंधळ का घालते? घरातल्या धुळीत असे आहे तरी काय?

लायडेनचे कोडे

हा प्रश्न नेदरलँड्स या देशातील लायडेन शहराच्या शास्त्रज्ञांनी फार चिकाटीने सोडवला. तेथील प्राध्यापक स्टॉर्म व्हान लेव्हेन यांनी १९२० नंतरच्या दशकात दम्याच्या रोग्यांसाठी खास खोल्या बांधल्या. त्यांत स्वच्छ केलेली हवा सोडली जाई. अशा खोलीत राहणाऱ्या बऱ्याच रोग्यांचा दमा कमी होई, आणि घरी परतताच तो पुन्हा उचल खाई. म्हणजे दोष केवळ रोग्यात नव्हता, घरातही होता. दमट घरांत राहणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, हेही दिसत होते.

घरातील धुळीचा अर्क काढून तो अशा रोग्यांच्या कातडीत अगदी थोडा टोचला, तर तेथे गांध उठे. पण धूळ म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. तिच्यात कापसाचे तंतू असतात, माती असते, केस असतात, काजळी असते, बुरशीचे बीजाणू असतात. यांपैकी अपराधी कोण? एकेका संशयिताची तपासणी झाली, पण संपूर्ण धुळीसारखा जोरदार परिणाम कोणाचाच दिसेना. शिवाय घरे वेगवेगळी असली, तरी त्यांच्या धुळीचा परिणाम मात्र सारखाच! दमट घरातील धूळ कोरड्या घरातील धुळीपेक्षा जास्त त्रासदायक, हे आणखी एक कोडे.

लायडेनमध्येच डॉ. वोरहोर्स्ट, स्पीक्समा आणि स्पीक्समा-बूझेमान यांनी धूळ सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि तिच्यात चालणारे-फिरणारे जीव शोधले. १९६४ साली त्यांनी आपला तर्क प्रसिद्ध केला. धुळीतील खरा अपराधी म्हणजे माइट नावाचा एक अतिसूक्ष्म प्राणी आणि त्याच्यापासून निघणारे पदार्थ. पुढे त्यांनी हे माइट प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांचा अर्क तपासला. धुळीने जे होई, तेच या अर्कानेही झाले. कोडे सुटले!

आठ पायांचा बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू

माइट हा कीटक नव्हे. कीटकांना सहा पाय असतात, याला आठ. कोळी, विंचू आणि गुरांच्या अंगावरची गोचीड ही त्याची भाऊबंद मंडळी. पिकावर पडणारा लाल कोळी शेतकऱ्यांच्या घरातील मुलांनी पाहिला असेल, तोही माइटच. घरातील धुळीत राहणाऱ्या जातींपैकी एका जातीचे शास्त्रीय नाव आहे डर्मॅटोफॅगॉइडीस टेरोनिसिनस. नावाचा पहिला भाग 'त्वचा खाणारा' असे सुचवतो.

नाव ऐकून घाबरू नका. हा प्राणी चावत नाही, डसत नाही, रक्त पीत नाही. तो खातो ती आपल्या अंगावरून आपोआप गळून पडलेली कातडीची खपली. प्रत्येक माणसाच्या अंगावरून दिवसाला सुमारे अर्धा ते दीड ग्रॅम मृत त्वचा गळते. ती सर्वांत जास्त साठते कोठे? जेथे आपण रोज सात-आठ तास अंग टाकतो तेथे, म्हणजे गादीत, उशीत, पांघरुणात. म्हणून माइटची वस्तीही तेथेच सर्वांत दाट असते.

त्याची लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर. तीन माइट एका ओळीत उभे केले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याला डोळे नसतात. अंड्यातून बाहेर पडून पूर्ण वाढ व्हायला साधारण एक महिना लागतो. एक माइट दिवसाला सुमारे २० वेळा विष्ठा टाकतो. आपण एक हिशेब करू या. समजा, एका गादीत एक हजार माइट आहेत. मग दिवसाला २० हजार, महिन्याला सहा लाख विष्ठेचे कण! प्रत्येक कण सुमारे २० मायक्रोमीटरचा, म्हणजे असे ५० कण शेजारी शेजारी मांडले तर एक मिलिमीटर होईल. गादी झटकली की हेच कण हवेत उडतात. १९८१ साली टोव्ही, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की धुळीतील त्रासदायक द्रव्याचा मोठा वाटा या विष्ठेतूनच येतो. त्यातील मुख्य प्रथिनाला 'डेर पी १' असे नाव आहे. माइट मेला तरी हे प्रथिन गादीत तसेच राहते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता दमट घराचे कोडे पाहू. माइट पाणी पीत नाही. गादीत पाणी असणार कोठून? तो हवेतील बाष्प शोषून घेतो. त्याच्या पुढच्या पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून खारट द्रव स्रवतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत मीठ कसे ओलसर होते, ते तुम्ही पाहिले आहे. तसाच हा खारट द्रव हवेतले बाष्प ओढतो आणि ते माइटच्या तोंडात जाते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के असली आणि तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास असले, की माइटची चैन असते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली जाऊन तशीच टिकून राहिली, तर तो आठवड्या-दीड आठवड्यात सुकून मरतो. म्हणजे धूळ हे त्याचे घर खरे, पण त्याचा जीव आहे तो हवेच्या ओलाव्यात.

म्हणूनच कोकणात आणि मुंबईत पावसाळा लागला की माइटचे फावते. विदर्भातील मे महिन्याची कोरडी हवा त्याला मानवत नाही. पण तेथेही एक मेख आहे. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कूलर पाण्याची वाफ करूनच हवा थंड करतो. बाहेर रखरखीत ऊन असताना आत मात्र हवा दमट होते, आणि आपण नकळत माइटच्या पाण्याची सोय करून देतो.

पहारेकऱ्याची चूक

माइट बहुतेक घरांत असतात. मग त्याच गादीवर झोपणाऱ्या दोघा भावंडांपैकी एकालाच त्रास का?

आपल्या शरीरात एक संरक्षक यंत्रणा आहे. जंतू आत शिरले, तर त्यांना ओळखून त्यांच्याशी लढणे हे तिचे काम. काही लोकांच्या बाबतीत ही यंत्रणा निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते. रात्री पाहुणा दारात आला आणि पहारेकऱ्याने त्याला चोर समजून सारी आळी जागी केली, तर नुकसान पाहुण्यामुळे होत नाही, आरडाओरड्यामुळे होते. तसेच हे आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेला 'ॲलर्जी' हे नाव दिले. आपल्याकडे यालाच 'वावडे' म्हणतात. मात्र आपण 'मला कारल्याचे वावडे आहे' असे नावडीच्या अर्थानेही म्हणतो. ते वावडे निराळे!

ही चूक रक्तात वाहत असते, हे सिद्ध करणारा एक धाडसी प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. जर्मनीतील क्यूस्टनर या डॉक्टरांना मासे चालत नसत. खाल्ले की अंगावर गांधी उठत. त्यांचे सहकारी प्राउसनिट्झ यांना माशांचा काहीच त्रास नव्हता. प्राउसनिट्झ यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे गांध उठली! रक्तातील कोणते तरी द्रव्य एकाकडून दुसऱ्याकडे गेले होते. हे द्रव्य कोणते, ते कळायला १९६६ साल उजाडावे लागले. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत ते वेगळे केले. स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच यांनीही स्वतंत्रपणे ते शोधले. हा एक प्रतिपिंड असून त्याला 'आयजीई' म्हणतात.

आता घटनाक्रम पाहा. माइटचे प्रथिन पहिल्यांदा नाकात जाते, तेव्हा काहीच कळत नाही. पण वावड्याची प्रवृत्ती असलेले शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करते. हे प्रतिपिंड नाक, डोळे, श्वासनलिका यांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन चिकटतात. मास्ट पेशी म्हणजे दारूगोळा भरलेली कोठारेच. पुढे तेच प्रथिन पुन्हा आले, की ते दोन शेजारच्या प्रतिपिंडांना एकदम पकडते. हीच ठिणगी! पेशीतून हिस्टामीन आणि इतर द्रव्ये बाहेर पडतात. हिस्टामीनमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, म्हणून नाक चोंदते व गळते. मज्जातंतू चाळवले जातात, म्हणून खाज आणि शिंका येतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, म्हणून छातीत घरघर होते. हे सर्व काही मिनिटांत घडते. चार ते आठ तासांनी इतर पेशी गोळा होऊन सुजेची दुसरी लाट आणतात. सायंकाळी गादी झटकली आणि मध्यरात्री धाप लागली, याचे एक कारण हे.

ही प्रवृत्ती पुष्कळदा कुटुंबात चालत येते. आई-वडिलांपैकी कोणाला दमा, इसब किंवा सतत शिंकांचा त्रास असेल, तर मुलांत तो आढळण्याचा संभव वाढतो.

प्रत्येक शिंक वावड्याची नव्हे

मिरचीची फोडणी पडली की घरातील सगळ्यांनाच ठसका लागतो. हे वावडे नव्हे. मिरचीतील तिखट द्रव्य सर्वांच्याच नाकाला झोंबते. चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट, खडूची भुकटी हीही मुख्यतः झोंबणारी द्रव्ये. मात्र वावड्याने आधीच सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकांना ती अधिक झोंबतात. म्हणून दमेकरी असलेल्या घरात विडी-सिगारेट आणि कॉइल यांना मज्जाव हवाच.

माइटखेरीज घरात आणखीही काही अपराधी असतात. झुरळाची लाळ, विष्ठा आणि अंगाचे तुकडे यांचे वावडे अनेकांना असते. मांजराच्या बाबतीत सर्वांचा समज असा, की त्याचे केस बाधतात. खरे म्हणजे त्याच्या लाळेतील आणि त्वचेतील एक प्रथिन बाधते. मांजर अंग चाटते आणि ते प्रथिन केसांवर पसरते. ओल आलेल्या भिंतीवरील बुरशीचे बीजाणू हे आणखी एक कारण.

मग आपल्याला कशाचे वावडे आहे हे कसे कळावे? पहिली पायरी म्हणजे वही! त्रास केव्हा झाला, कोठे झाला, त्याआधी काय केले होते, हे महिनाभर लिहून ठेवा. सकाळी उठताच शिंका येत असतील तर संशय अंथरुणावर जातो. दुसरी पायरी डॉक्टरांची. ते हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून अगदी वरवर टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांध मोजतात. त्यासोबत हिस्टामीनचा एक आणि नुसत्या मिठाच्या पाण्याचा एक थेंबही असतो. पहिल्याने गांध उठलीच पाहिजे, दुसऱ्याने उठता कामा नये. तरच चाचणी विश्वसनीय. प्रयोगात नियंत्रक का लागतो, हे तुम्ही शाळेत शिकलात, त्याचाच हा उपयोग. पण नुसती गांध उठली म्हणजे वावडे ठरले असे नाही. प्रत्यक्ष त्रासाशी तिचा मेळ बसावा लागतो.

घरात काय करता येईल?

माइटला अन्न, आसरा आणि ओलावा लागतो. घर पूर्ण निर्धूळ करणे कोणालाच शक्य नाही, तेव्हा सुरुवात अंथरुणापासून करा.

चादरी, उशांचे अभ्रे आणि पांघरुणे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात भिजवून धुवावीत. पाणी ५५ ते ६० अंश सेल्सियस असावे. तापमापी हाताशी नसेल तर गणित करा. १०० अंशांचे उकळते पाणी आणि २५ अंशांचे नळाचे पाणी समप्रमाणात मिसळले, तर मिश्रणाचे तापमान सुमारे ६२ अंश. बादली थोडी उष्णता घेईल, म्हणजे हवे तेवढे मिळाले! हे काम मात्र घरातील मोठ्या माणसांनीच करावे. गार पाण्याने धुतल्यास माइट मरत नाहीत, पण त्रासदायक प्रथिन बरेचसे वाहून जाते. म्हणजे तेही व्यर्थ नाही.

जाड कापसाची गादी धुता येत नाही. तिला कडक उन्हात चार-पाच तास घाला, मधून उलटा. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे गालिचे तापलेल्या उन्हात टाकून पाहिले, तेव्हा त्यांतील सर्व माइट मेले होते. पण मघाचा मुद्दा आठवा. माइट मेला तरी प्रथिन उरते. म्हणून उन्हानंतर गादी घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेने झटकली पाहिजे, आणि ती झटकणारा माणूस वावडे असलेला नसावा. गादी पिंजायला दिली असेल, तेव्हाही त्याने दूरच राहावे. आपली आजीच्या हातची गोधडी या बाबतीत सरस. ती धुता येते आणि एका दिवसात खडखडीत वाळते! अतिशय घट्ट विणीच्या कापडाच्या, चेन लावलेल्या खोळी गादी-उशांना घालता येतात. त्यांची छिद्रे १० मायक्रोमीटरपेक्षा लहान असल्याने विष्ठेचे कण बाहेर येत नाहीत.

केर काढताना कोरडा झाडू जोरात मारू नका. ओल्या फडक्याने पुसा. उडालेले माइटचे कण जड असल्यामुळे साधारण अर्ध्या तासात खाली बसतात. तोवर त्रास असणाऱ्याने खोलीबाहेर थांबावे. कापडी खेळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात २४ तास ठेवावीत आणि मग धुवावीत. पावसाळ्यात ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नयेत. गळका नळ आणि ओल धरलेली भिंत दुरुस्त करून घ्यावी. त्याने झुरळे आणि बुरशी यांचीही गैरसोय होते.

हे सर्व केल्यावर दमा पळून जाईल का? येथे प्रामाणिकपणे उत्तर द्यायला हवे. २००८ साली ५४ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात केवळ माइटविरोधी उपायांनी दमा सुधारतो असे दिसले नाही. उलट २००४ साली अमेरिकेतील सात शहरांत ९३७ मुलांच्या घरी एकाच वेळी अनेक उपाय केले, तेव्हा मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले. २०१७ साली इंग्लंडमधील एका चाचणीत घट्ट खोळी वापरणाऱ्या मुलांना दम्याच्या झटक्याने इस्पितळात न्यावे लागण्याचे प्रसंग कमी आले. यावरून घ्यायचे ते एवढे, की ज्याचे वावडे आहे ते नेमके ओळखून, अनेक उपाय एकदम आणि नेटाने करावेत. एकदा गादी उन्हात टाकून भागत नाही. आणि घरातील उपाय औषधांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नव्हेत.

औषधे आणि गैरसमज

हिस्टामीनचा परिणाम अडवणारी औषधे शिंका आणि खाज थांबवतात. जुन्या गोळ्यांनी गुंगी येई. सेटिरिझिन, लोराटाडिन यांसारख्या नंतरच्या गोळ्यांनी ती कमी येते. नाक सतत चोंदत असेल, तर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा देतात. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. 'एकदा मारला, फरक नाही, टाकून दिला' असे करू नये.

दम्यात श्वासावाटे घ्यायची औषधे साधारण दोन प्रकारची असतात. एक आवळलेल्या नळ्या सैल करून तात्काळ आराम देते, तर दुसरे रोज घेतल्याने सूज आटोक्यात ठेवते. पुष्कळ घरांत या पंपाची भीती असते. "सवय लागेल, शेवटचा उपाय आहे तो," असे म्हणतात. पुन्हा गणित करू या. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या गोळीत चार मिलिग्रॅम, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. एक गोळी बरोबर ४० फवारे! गोळी साऱ्या शरीरात फिरते, फवारा थेट श्वासनलिकेत पोचतो. म्हणून थोड्या औषधात काम होते. पंपाचे व्यसन लागत नाही. मात्र तात्काळ आरामाचा पंप वारंवार लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही अशी ती खूण आहे. अशा वेळी डॉक्टरांना भेटा. आणि बरे वाटू लागले म्हणून रोजचे औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

एक उपाय पहारेकऱ्यालाच शिकवण्याचा आहे. १९११ साली लंडनच्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचे वावडे असलेल्यांना त्याच परागांचा अर्क टोचून, मात्रा हळूहळू वाढवत, सवय लावून पाहिली. आज माइटसाठीही असे उपचार आहेत. ते साधारण तीन ते पाच वर्षे चालतात आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असतात.

आणि हे तर पाठच करून ठेवा. एका दमात वाक्य पुरे बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. रुग्णाला बसते ठेवावे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप देत राहावे आणि ताबडतोब इस्पितळ गाठावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

तुम्ही करून पाहा

प्रयोगशाळेतील दोन सारख्या तापमापी घ्या. एकीच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळा, दुसरी कोरडी ठेवा. दोन्ही झोपायच्या खोलीत पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटे ठेवून तापमान वाचा. कोरडी ३० अंश आणि ओली २७ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ७८ टक्के. ओली २२ अंश दाखवत असेल, तर सुमारे ५० टक्के. इतर आकड्यांसाठी शिक्षकांकडून सापेक्ष आर्द्रतेचा तक्ता घ्या. पंधरा दिवस दुपारी आणि रात्री नोंदी करा. खोलीत कपडे वाळत घातल्यावर काय होते? खिडकी उघडल्यावर आकडा नेहमीच उतरतो का, की बाहेर पाऊस असताना उलट चढतो? कूलर लावल्यावर काय दिसते? वर्गातील दहा घरांचे आकडे एकत्र मांडलेत, तर आपल्या गावातील माइटचा हंगाम कोणता याचा अंदाज तुम्हालाच बांधता येईल.

आणि वर्गात कोणी शिंकत, धापा टाकत आला, तर त्याच्यापासून सरकून बसू नका. त्याला खिडकीजवळची जागा द्या, आणि फळा पुसायची त्याची पाळी त्या दिवशी तुम्ही घ्या. डस्टर मात्र ओले करून घ्या!